कँटीनची मावशी, गेटवरचे मामा

दुर्गाबाई फडतरे यांनी चाळीस वर्षांच्या संसारात उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अहो' या दोन अक्षरांवर सगळं भागलं. रागातलं 'अहो' वेगळं, लाडातलं वेगळं, कोथिंबीर आणायची आठवण करून द्यायचं वेगळं, आणि पाहुण्यांसमोर 'आता गप्प बसा' असं सुचवायचं तर फारच वेगळं. ज्योतीरामांना ते सगळे प्रकार पाठ होते. अशा बाईवर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर, चारचौघांदेखत, त्याच नवऱ्याला रोज 'मामा' म्हणायची पाळी आली. आणि त्यांनी तिला म्हणायचं 'मावशी'. नातं कुठल्या कुठं गेलं बघा!

या पट्ट्यात वय झालेल्या माणसाला नाव राहत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीत जा. झाडू मारणारी, भांडी घासणारी, चपात्या लाटणारी ती मावशी, आणि गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो तो मामा. कालची शिकाऊ पोरं आणि ऑफिसातल्या मॅडम इतक्या जिव्हाळ्यानं हाक मारतात की वाटावं, अख्खा कारखाना एकाच आजोळचा आहे. तो जिव्हाळा हाकेपुरताच असतो, हे महिन्याभरात कळतं.

ज्योतीराम मूळचे खटावकडचे. आयटीआय केलं, पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये ग्राइंडर म्हणून लागले आणि परमनंट झाले. परमनंट या शब्दाची किंमत ज्यानं पिंपरी-चिंचवडात हयात काढली त्यालाच कळेल. दुर्गाबाईंच्या वडिलांनी मुलाची शेती विचारली नाही, घर बघितलं नाही. "परमनंट हाय का?" एवढंच विचारलं आणि सुपारी फोडली. लग्नानंतर ज्योतीरामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते चाळीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोललं जायचं: "आमच्या घरातली बाई कामाला जात न्हाई."

कंपनीत त्यांना फडतरे मिस्त्री म्हणत. खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जायच्या आणि नवऱ्याच्या मशीनला हळदकुंकू वाहायच्या. मशीन असं लखलखीत पुसलेलं असायचं की एकदा त्या म्हणाल्याच, "माझ्यापेक्षा हिलाच जास्त जपता जणू." सगळी टूलरूम हसली. ज्योतीराम लाजले, पण रागावले नाहीत, कारण ते खरंच होतं.

मग कंपनी बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी शिफ्ट गेली, मग बसगाड्या गेल्या, आणि शेवटी साहेबांनी एकेकाला आत बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढं सरकवला. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. ज्योतीरामांचं मशीन होतं तिथं आज एका टॉवरचं पार्किंग आहे. मिळालं त्यात मुलीचं लग्न झालं, चिखलीत दोन खोल्या झाल्या, आणि हातात राहिलं ते पंचावन्नावं वर्ष. घरी बसायला ते फार लवकर होतं आणि नवीन नोकरी मागायला फार उशीर झाला होता.

काही वर्षं चिखलीतल्याच वर्कशॉपमध्ये रोजावर गेले. तिथंही बटणांवर चालणारी मशीनं आली आणि ती चालवायला विशी-पंचविशीची पोरं हवी झाली. शेवटच्या वर्कशॉपवाल्यानं त्यांना फार गोड बोलून घालवलं. "काका, खूप केलंत. आता आराम करा." आराम हा शब्द दुर्गाबाईंना तेव्हापासून शिवीसारखा वाटतो.

पुरुष घरी बसला की घर लहान होतं. दोन खोल्यांतून ज्योतीराम फिरून फिरून फिरणार किती? सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि टीव्हीपुढं बसायचे. कुणी बेल वाजवली की लगेच उठून उभे राहायचे, जणू कुणीतरी बोलवायलाच आलं आहे. यायचा तो गॅसवाला. दुर्गाबाईंना ते बघवत नसे, आणि बघवत नाही हे बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

आणि गंमत बघा. ज्या वयाच्या गड्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याच वयाच्या बाईला लोक घर शोधत येत होते. माण-हिंजवडीच्या टॉवरांत लेकरं सांभाळायला वयस्क बाई हवी होती. आजारी माणसापाशी बसायला वयस्क बाई हवी होती. कंपनीच्या कँटीनला चपातीला बाई हवी होती आणि तीही पन्नाशीपुढची, कारण तरुण पोरी तव्यापुढं टिकत नाहीत. बाईनं जन्मभर जे फुकट केलं त्याला म्हातारपणी गिऱ्हाईक आलं, आणि गड्यानं जन्मभर ज्याचा पगार घेतला ते कुणी फुकटही घेईना. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

शेजारची मुमताज चाकणच्या त्या कंपनीच्या कँटीनला होती. तिनंच विषय काढला. "दुर्गाताई, चपातीची एक बाई सोडून गेली. येता का? गाडी न्यायला येते, आणायला येते." दुर्गाबाईंनी ज्योतीरामांकडं पाहिलं. ते टीव्हीकडं पाहत राहिले. मुमताज गेल्यावर म्हणाले, "जायचं तर जा. पण चाळीतल्या लोकांना सांगत बसू नगं." चाळ सोडून तर किती वर्षं झाली होती!

पहिल्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा मनगटं सुजली होती. ज्योतीरामांनी तेल गरम करून आणलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या तर ओट्यापाशी दिवा लागलेला आणि नवरा दोडका चिरत बसलेला. जन्मात स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्याही भरून न घेतलेला माणूस! त्या दिवसापासून डब्याची भाजी त्यांच्याकडं लागली. दोडका असो, गवार असो, कशातही मूठभर शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. भाजी बरी व्हायची. दुर्गाबाई तसं म्हणायच्या नाहीत, पण डबा चाटूनपुसून रिकामा यायचा.

वर्षभरानं गेटवर जागा निघाली. सिक्युरिटीच्या एजन्सीचा फील्ड ऑफिसर विक्की नावाचा होता, काळा चष्मा केसांत खोचून मोटरसायकलवर सगळ्या कंपन्यांना फिरणारा. मुमताजनं त्याच्या कानावर घातलं, की ओळखीतलं एक चांगलं माणूस आहे. विक्कीनं ज्योतीरामांना उभं राहायला सांगितलं, चालायला सांगितलं आणि केस काळे करून या म्हणाला. मग एक अट सांगितली. "काका, एक गोष्ट क्लिअर करतो. घरातलं कुणी आत कामाला असेल तर आत्ताच सांगा. गेटवर नवरा आणि आत बायको, असली जोडी आम्ही ठेवत नाही. मागं एका ठिकाणी माल बाहेर गेला, तेव्हापासून नियम आहे. नंतर कळलं तर दोघंही बाहेर."

ज्योतीराम म्हणाले, "न्हाई. कुणी न्हाई."

जन्मात खोटं न बोललेला माणूस, असं मी म्हणणार नाही. असं कुणीच नसतं. पण हे खोटं त्यांना जड गेलं, हे घरी आल्यावर त्यांनी चप्पल कोपऱ्यात किती नीट लावली यावरून दुर्गाबाईंना समजलं. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. ज्योतीराम म्हणाले, "वळख दाखवायची न्हाई. बास." गणवेशाचा निळा शर्ट अंगात गेला त्या दिवशी विक्कीच्या तोंडातलं 'काका' जाऊन 'मामा' झालं.

आता दुर्गाबाईंचे दिवस मोठे चमत्कारिक सुरू झाले. ज्योतीराम जुन्या स्कूटरवरून पुढं जात. दुर्गाबाई स्टॉपवर कँटीनच्या गाडीची वाट बघत उभ्या, आणि समोरून नवऱ्याची स्कूटर जायची, मागची सीट रिकामी. ते मान वळवायचे नाहीत. गेटवर पोचलं की सगळ्या बायका रांगेत. ज्योतीराम एकेकीची पिशवी बघायचे. "मावशी, डबा दाखवा." डबा त्यांनीच सकाळी भरलेला. झाकण उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघायचे आणि म्हणायचे, "जावा." पहिल्या आठवड्यात दुर्गाबाईंना हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडाला लावून त्या पुढं पळायच्या. एकदा तर त्या मुद्दाम म्हणाल्या, "बघा हां मामा, नीट बघा, खाली बाँब हाय." ज्योतीरामांच्या मिशा हलल्या, पण माणूस ढळला नाही.

घरी आल्यावर त्यावरून रंग भरायचा. "मामा म्हणून हाक मारतीस, लाज न्हाई वाटत?" ते विचारायचे. "तुमी तर मावशी म्हणता. आईची भन की मी तुमच्या!" किती वर्षांनी त्या दोन खोल्यांत हसणं ऐकू आलं होतं. ज्योतीरामांची मान पुन्हा ताठ झाली होती. शिट्टीची दोरी ते स्वतः धुवायचे. कुणी विचारलं तर 'ड्युटीवर होतो' म्हणताना ड्युटी या शब्दावर किंचित थांबायचे. हे सगळं त्या गेटवर अवलंबून आहे, ते गेलं तर हा माणूस पुन्हा टीव्हीपुढं जाऊन बसेल आणि या खेपेला उठणार नाही, हे दुर्गाबाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या जपत होत्या. स्वतःच्या नोकरीपेक्षा त्यांना ती गेटवरची नोकरी जास्त प्यारी होती.

त्या हिवाळ्यात जपानहून एक म्हातारा साहेब कंपनीत आला होता. ऑफिसातल्या निशिगंधा मॅडम त्याला गेटवर घ्यायला आल्या. ज्योतीरामांनी सलाम ठोकला, तर तो म्हातारा थांबला आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार करता झाला. ज्योतीराम गडबडले. मॅडम हसून म्हणाल्या, "मामा, हे सत्तर वर्षांचे आहेत. रिटायर झाले होते, पण कंपनीनं परत बोलावलं. पोरांना काम शिकवतात."

त्या दिवशी ज्योतीराम घरी आल्यापासून तेच बोलत होते. "सत्तर, बरं का. आणि त्याच कामावर. टोपी घालून आत शॉपवर गेला. तिकडं म्हणं अशी लई माणसं हायत. दुकानात, रस्त्यावर, गाडीवर, सगळीकडं पांढऱ्या केसांची. आपल्याकडं हार घालत्यात, शाल देत्यात आन् गेट बंद करत्यात."

"आन् तिकडच्या बायका?" दुर्गाबाईंनी विचारलं. "त्या काय करत्यात म्हातारपणी?"

"ते न्हाई इचारलं," ज्योतीराम म्हणाले. मग म्हणाले, "चपात्या लाटत नसतील, येवढं खरं." दोघंही हसले. त्या म्हाताऱ्याला त्याचं काम परत मिळालं होतं. यांना शिट्टी मिळाली होती. त्या हसण्याखाली काय होतं ते दुर्गाबाईंना दिसत होतं, आणि त्यावर लावायला त्यांच्याजवळ तेल नव्हतं.

मग मे महिना आला. गेटवर सावली म्हणून पत्र्याची केबिन, म्हणजे आत बसणाऱ्याला भाजून काढायची सोय. बाहेर मालाच्या ट्रकांची रांग. त्या दुपारी जोडीचा गार्ड आला नव्हता आणि ज्योतीराम एकटेच ट्रक मागं घ्यायला शिट्टी वाजवत होते. कँटीनची खिडकी गेटच्या बाजूलाच उघडायची. दुर्गाबाईंचे हात पिठात आणि एक कान कायम बाहेर असायचा. शिट्टी वाजत होती, वाजत होती, आणि अर्ध्यात तुटली.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. दुर्गाबाई लाटणं टाकून धावल्या. उन्हात, डांबरावर, ज्योतीराम कुशीवर पडले होते. ट्रकचा ड्रायव्हर खाली उडी मारत होता. दुर्गाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडल्या, "अहो! अहो, डोळं उघडा की! अहो, काय होतंय तुमाला?"

आपल्याकडं 'अहो' कुणालाही म्हणतात. अहो मामा, अहो भाऊ, अहो दुकानदार. पण पुढं काही न जोडता नुसतं 'अहो', आणि तेही असं, ते एकाच माणसाला म्हणतात. गोळा झालेल्या पंधरा-वीस माणसांत ते न कळण्याइतकं लहान कुणी नव्हतं.

निशिगंधा मॅडम पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या. कंपनीची अँब्युलन्स मागून आली. मॅडमनी गुडघ्यावर बसून ज्योतीरामांच्या तोंडाला पाणी लावलं, दुर्गाबाईंकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, हे तुमचे कोणी लागतात का?"

ज्योतीरामांचे डोळे उघडले होते. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. पण मान हलली. इकडून तिकडं, किंचित. दुसऱ्याला वाटलं असतं, दुखतंय म्हणून हलली. दुर्गाबाईंना ती नीट वाचता आली. नगं. सांगू नगं.

त्या क्षणी दुर्गाबाईंच्या मनात काय काय आलं ते त्यांनाही पुढं नीट सांगता आलं नाही. विक्कीचं 'दोघंही बाहेर' आलं. टीव्ही आला. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला माणूस आला. उन्हाचा झटका असेल, संध्याकाळपर्यंत उठून बसतील आणि उद्या शिट्टी मागतील, तेव्हा शिट्टी नसली तर काय सांगायचं, हे आलं. आणि तोंडातून निघालं, "न्हाई मॅडम. लागत न्हाईत कुणी. गेटवरचं मामा हायत."

ट्रकचा ड्रायव्हर दुसरीकडं बघू लागला. स्ट्रेचर उचललं. ज्योतीरामांच्या निळ्या शर्टावर खांद्यापासून छातीपर्यंत पिठाच्या बोटांचे ठसे होते. अँब्युलन्सवाल्यानं विचारलं, "सोबत कोण येतंय?" मागच्या गेटवरून धावत आलेल्या गार्डला आता हे गेट सोडून जाता येत नव्हतं. मॅडमनी पुन्हा एकदा दुर्गाबाईंकडं पाहिलं. दुर्गाबाई हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. पुसण्यासारखं काही राहिलं नाही तरी पुसतच राहिल्या. गाडीचं दार लागलं आणि गाडी एकट्या माणसाला घेऊन गेली.

त्या परत आत गेल्या. दुसऱ्या पाळीच्या चपात्या व्हायच्या होत्या. मुमताजनं त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाली, "जा दुर्गाताई. मी बघते." दुर्गाबाई म्हणाल्या, "कशाला? माझं कोण हाय तिथं?" आणि लाटणं परत घेतलं. त्या दिवशीची एकही चपाती करपली नाही. या गोष्टीचा त्यांना नंतर फार राग आला. एखादी तरी करपायला हवी होती.

सुट्टी झाल्यावर त्या रिक्षा करून हॉस्पिटलात गेल्या. ज्योतीराम कॉटवर होते, हाताला सलाईन. उन्हाचा झटका नव्हता, मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता. डॉक्टर तरुण होता, रागावून बोलला नाही, पण बोलला. "यांना बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू होत्या, त्रास नेमका कधी सुरू झाला, काहीच कळेना. यांना बोलता येत नव्हतं. ते कळलं असतं तर गुठळीवरचं इंजेक्शन वेळेत देता आलं असतं. घरचं कुणी सोबत असतं तर बरं झालं असतं." गोळ्यांची नावं दुर्गाबाईंना तोंडपाठ होती. शिट्टी कधी तुटली तेही त्यांना माहीत होतं. त्यांच्याइतकं नेमकं ते जगात कुणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी ज्योतीरामांना बोलता येऊ लागलं. शब्द ओले होऊन यायचे, पण कळायचे. पहिलं ते हेच म्हणाले, "लई येळ लावलास त्या दिवशी."

"सुट्टी व्हायची हुती," दुर्गाबाई म्हणाल्या.

"व्हय. गाडीतला पोरगा सारखा इचारत हुता, बाबा, घरचं कोण हाय? मला बोलता येईना. दाराकडं बोट दाखवत हुतो. म्हनलं, यील."

दुर्गाबाईंनी त्यांच्या डाव्या हाताला तेल लावायला घेतलं. तो हात त्यांच्या हातात नुसता पडून होता.

गेटवर आठवड्याच्या आत दुसरे मामा आले. परभणीकडचे होते, केस काळे केलेले. त्यांनीही पहिल्या दिवशी म्हटलं, "मावशी, डबा दाखवा." दुर्गाबाईंनी झाकण उघडलं. भाजी आता त्याच करत होत्या. विक्की मोटरसायकल लावून आला आणि त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, मामांना परत घेता येणार नाही. ड्युटीवर पडलेला माणूस कंपनी चालवून घेत नाही. माझ्या हातात असतं तर घेतलं असतं."

हे ऐकून दुर्गाबाई दचकल्या. "मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "माझा काय संबंध?"

विक्की त्यांच्याकडं बघतच राहिला. मग मान खाली घालून निघून गेला.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा मुमताजनं ते काढलं. बिचारीला वाटलं, आता मनावरचं ओझं उतरेल. "दुर्गाताई, आता तरी बस करा. सगळ्यांना माहीत होतं."

"काय माहीत हुतं?"

"तुमच्या दोघांचं. पहिल्या महिन्यापासून. मी तर शेजारची, पण बाकीच्यांना डब्यांवरून कळलं. गेटवरच्यांचे डबे गरम करायला आमच्याकडंच येतात ना? तुमच्या डब्यात दोडका तर मामांच्या डब्यात दोडका. तुमची गवार तर त्यांची गवार. तेच कूट, तेच चिरणं. या बायका हसायच्या, म्हणायच्या, आज मामांनी काय केलंय बघू. मी विक्कीला घाबरत घाबरत सांगितलं होतं, तर तो म्हणाला, मला कळलंय. म्हणाला, नियम चोरांसाठी आहे, हे म्हातारा-म्हातारी काय चोरून नेणार, चपाती? राहू दे, बोलू नको. मॅडमना पण माहीत होतं. म्हणून तर विचारत होत्या तुम्हाला. तुम्हाला गाडीत बसवायचं होतं त्यांना."

दुर्गाबाईंचा घास हातातच राहिला. बाकीच्या बायका आपापल्या डब्यात बघू लागल्या. त्यातली एकही वाईट नव्हती. त्यांनी वर्षभर दोघांची लाज राखली होती, इतक्या मायेनं राखली होती की राखतोय हेही कळू दिलं नाही. त्या मायेपायीच तर सगळं झालं. एखादी जरी फटकळ निघाली असती आणि तोंडावर म्हणाली असती, "काय गं, नवऱ्याला मामा म्हणतीस?" तर दुर्गाबाई त्या गाडीत बसल्या असत्या.

"मला आधी सांगायचंस की गं," एवढंच त्या म्हणाल्या. मुमताजला रडू आलं. दुर्गाबाईंना आलं नाही. त्यांनी डबा धुतला आणि संध्याकाळच्या कणकेला पाणी घातलं.

ज्योतीराम घरी आले. काठी धरून मोरीपर्यंत जातात. डावा हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसतात, कारण टीव्हीचा आवाज डोक्यात जातो. दाढी आता दुर्गाबाई करतात. गाडी पकडायच्या आधी त्या त्यांचा चहा, गोळ्या, दुपारचं ताट सगळं हाताशी मांडून ठेवतात आणि दाराला बाहेरून कडी लावत नाहीत, नुसतं लोटून घेतात. मुलगी म्हणते, आई, नोकरी सोड. पण आता ती सोडून चालणार नाही, आणि चाललं असतं तरी ज्योतीरामांनी सोडू दिली नसती.

कारण ज्योतीरामांनी त्या दुपारचा स्वतःपुरता एक अर्थ लावून ठेवला आहे. मधल्या एका रविवारी त्यांच्या टूलरूममधले जुने जोडीदार लक्ष्मणराव भेटायला आले. देहूरोडला राहतात, त्यांचेही गुडघे गेलेत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, कोण गेलं, कोण राहिलं. मग लक्ष्मणराव हळहळून म्हणाले, "फडतरे, असा एकट्यानं दवाखान्यात गेलास म्हणं. घरचं कुणीच नव्हतं?"

ज्योतीरामांचा चेहरा एकदम उजळला. उजव्या हातानं त्यांनी दुर्गाबाईंकडं बोट केलं. शब्द जोडत जोडत, पण मोठ्या तोऱ्यात, एके काळी चाळीला ऐकवायचे तसे ते बोलू लागले. "ही हुती की! हितं, माझ्यापाशी. पण डोकं बघ हिचं. मॅडम इचारत्यात, कोण लागतंय, आन् ही म्हणती, कुणी न्हाई. म्या मान हलवली, तेवढ्यावर वळखलं हिनं. दुसरी कुणी असती तर रडत गाडीत बसली असती आन् दोघांच्या बी नोकऱ्या गेल्या असत्या. माझी गेली, जाऊ दे. हिची टिकली. ती हिनं टिकवली. म्या पडल्या पडल्या मनात म्हनलं, शाब्बास!" दम लागला म्हणून ते थांबले. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं, त्यातलं अर्धं ओढलेलं. "व्हय की न्हाई गं?"

दुर्गाबाई चहाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. या माणसाकडं आता गेट नव्हतं, हात नव्हता, शिट्टी नव्हती. एवढी एकच गोष्ट होती.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि लक्ष्मणरावांच्या कपात चहा ओतू लागल्या.